विश्लेषण : ५६ मीटरची आलिशान नौका काही सेकंदांत आडवी कशी होते? उत्तर 'रामदास' बोटीतही सापडतं

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला जेमतेम महिना उरला होता. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही प्रवासी आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बोटीवर सुमारे सातशे माणसं होती. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला पत्ता लागायलाही काही तास गेले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळी बांधवांच्या होड्यांनी हाताला लागतील तेवढ्यांना बाहेर काढलं.

१९ ऑगस्ट २०२४. इटलीतल्या सिसिली बेटाजवळ, पोर्टिचेल्लो इथे 'बायेसियन' ही ५६ मीटर लांबीची आलिशान शिडाची नौका नांगर टाकून उभी होती. ब्रिटिश उद्योजक माइक लिंच यांचं कुटुंब आणि पाहुणे तिच्यावर होते. पहाटे चारनंतर वादळ आलं आणि नौका आडवी होऊन बुडाली. २२ पैकी सात जण गेले. त्यात लिंच आणि त्यांची १८ वर्षांची मुलगीही होती.

एक बोट साध्या चाकरमान्यांची, दुसरी अब्जाधीशाची. मधे ७७ वर्षं. तरी दोन्ही अपघातांनंतर पहिली प्रतिक्रिया एकच होती : निसर्गाचा कोप, त्याला कोण काय करणार! या लेखाचं म्हणणं याच्या उलट आहे. वादळ बोटीला शेवटचा धक्का देतं. तो धक्का सोसण्याची बोटीची ताकद त्याआधीच कमी झालेली असते, आणि ती माणसांच्या निर्णयांनी कमी झालेली असते. हे समजून घेण्यासाठी थोडं विज्ञान लागतं. भिवंडीकरांना ते पटकन कळेल, कारण ते आपल्या रस्त्यावर रोज दिसतं.

बोट सरळ का राहते?

कापडाच्या गाठी भरलेला टेम्पो आठवा. गाठी हौद्याच्या तळाशी नीट लावल्या असतील तर अंजूरफाट्याचं वळण टेम्पो आरामात घेतो. त्याच गाठी टपाच्या वर दोन थर चढवल्या की त्याच वळणावर टेम्पो झुकतो आणि मागचा दुचाकीवाला आपोआप अंतर ठेवतो. वजन तेवढंच आहे, फक्त ते वर गेलं आहे. गुरुत्वमध्य वर गेला की गाडी कलंडायला सोपी होते.

बोटीचंही तसंच, पण बोटीखाली रस्ता नसतो, पाणी असतं. बोटीचं वजन तिला खाली ओढतं आणि पाणी तिला वर ढकलतं. बोट डावीकडे कलली की डावीकडचा जास्त भाग पाण्यात जातो, त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोरही डावीकडे सरकतो. तोच जोर बोटीला पुन्हा सरळ करतो. तळाला वजन असलेली डोलणारी बाहुली ढकलली तरी उभी राहते, तसंच.

मात्र याला मर्यादा आहे. बोट जसजशी जास्त कलते, तसा हा सरळ करणारा जोर सुरुवातीला वाढतो, मग कमी होत जातो आणि एका कोनाला संपतो. त्या कोनापलीकडे गेलेली बोट स्वतःहून परत येत नाही. हा कोन किती, हे तिच्या आकारावर आणि वजन कुठे ठेवलं आहे यावर ठरतं. बोट किती महाग आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

'बायेसियन'चं नेमकं काय झालं?

अपघातानंतर पहिले काही दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच अंदाज होता : कुणीतरी दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. नौका बांधणारी कंपनी आता ज्या समूहाकडे आहे, त्याच्या प्रमुखांनी तर ही नौका बुडूच शकत नाही असं म्हणत खलाशांकडे बोट दाखवलं.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेचा अंतरिम अहवाल मे २०२५ मध्ये आला, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. वारा २० नॉटच्या वर गेला तर उठवा, अशी सूचना देऊन कप्तान झोपले होते. पहाटे तीनच्या सुमारास वारा जेमतेम आठ नॉट होता. चारच्या थोडं आधी वादळ जवळ येताना दिसलं, तेव्हा पहाऱ्यावरच्या खलाशाने पुढची झाकणं आणि खिडक्या बंद केल्या. मग वारा ३० नॉटवर गेला, नांगर सरकू लागला, खलाशी कामाला लागले. आणि ४ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास वारा अचानक ७० नॉटच्या पुढे गेला. नौका १५ सेकंदांच्या आत ९० अंशांत आडवी झाली. त्याआधी आत पाणी शिरल्याचं कुठलंही चिन्ह नव्हतं. पाणी कठड्यावरून आलं आणि जिन्यांतून काही सेकंदांत आत घुसलं.

म्हणजे आधी पाणी शिरलं आणि मग नौका कलली, असं झालं नाही. नौका आधी कलली, पाणी नंतर शिरलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. नौका आडवी झाली की भिंत जमीन होते आणि जमीन भिंत. अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाने अशा वेळी केबिनचं दार शोधायचं तरी कुठे?

या नौकेची डोलकाठी ७२ मीटरहून उंच होती. साधारण २४ मजली इमारतीएवढी. शिडं उतरवलेली असली तरी एवढी उंच काठी आणि तिला धरणारे दोर वाऱ्याला सापडतातच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. त्यामुळे २० नॉटच्या वाऱ्यात निवांत उभी असलेली बोट ६० नॉटच्या झोतात नऊपट ढकलली जाते. त्यात तो जोर उंचावर लागत असेल तर लांब पान्याने नट फिरवावा तशी बोट फिरते.

तळाशी खालीवर करता येणारं एक पातं होतं, त्याला सेंटरबोर्ड म्हणतात. ते खाली सोडलं की नौकेची स्थिरता वाढते. त्या रात्री ते वर होतं, आणि शिडं उतरवलेली असताना किनाऱ्याजवळ ते वर ठेवायला नियमाने मनाई नव्हती. तपास यंत्रणेने अभ्यास करून आकडा काढला : त्या स्थितीत बाजूने ६३ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ११७ किलोमीटरच्या पुढचा वारा लागला तर नौका उलटण्याची शक्यता होती. आणि सुमारे ७० अंशांपलीकडे कलल्यावर ती परत सरळ होणं शक्य नव्हतं.

अहवालातली सगळ्यात बोचणारी गोष्ट यापुढे आहे. हा धोका नौकेवरच्या स्थिरता-पुस्तिकेत लिहिलेलाच नव्हता. म्हणजे मालकाला आणि खलाशांना तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. कप्तानाने पुस्तिका तोंडपाठ केली असती तरी त्याला ६३ हा आकडा मिळाला नसता.

मग 'रामदास'मध्ये डोलकाठीचं काम कुणी केलं?

माणसांनी. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही, गणित म्हणून सांगतो. एका माणसाचं वजन सरासरी ६० किलो धरलं तर ४०० माणसांचं वजन २४ टन होतं. लाटेने बोट एका बाजूला झुकली, भीतीने ४०० माणसं काही क्षणांत एका कठड्याकडे धावली, तर २४ टन माल एका झटक्यात सरकल्यासारखं झालं. जहाजावर माल बांधून ठेवतात तो याचसाठी. माणसांना बांधून ठेवता येत नाही. म्हणून प्रवासी बोटीची स्थिरता शांत बसलेल्या प्रवाशांवर मोजून चालत नाही. घाबरून धावणारे प्रवासी गृहीत धरूनच ती मोजावी लागते.

पाण्याचंही असंच आहे. अर्धी परात पाणी घेऊन चालून पाहा. परात जराशी तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. डेकवर किंवा बोटीच्या पोटात पाणी मोकळं फिरायला लागलं की हेच होतं. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही गाड्या वाहणारी मोठी फेरी पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. गाड्यांच्या डेकवर पाणी आलं आणि ती सुमारे दीड मिनिटात कलंडली. १९३ माणसं गेली. तेव्हा वादळ नव्हतं.

प्रत्येक बोट अशी झटक्यात बुडते का?

नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर सुटले, बार्ज वाहत गेला, तेलविहिरीच्या एका फलाटावर आदळला, भोक पडलं आणि पाणी भरत गेलं. याला काही तास लागले. त्यामुळे २६१ पैकी १८६ जणांना नौदल आणि तटरक्षक दलाला वाचवता आलं. तरीही सत्तरहून अधिक कामगार गेले.

बुडण्याचे हे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. भोक पडून पाणी भरलं तर थोडा वेळ मिळतो. जॅकेट घालता येतं, संदेश पाठवता येतो. स्थिरता गेली तर वेळ मिळत नाही. पहिल्या प्रकारात बचावकार्य जीव वाचवतं. दुसऱ्या प्रकारात जीव वाचतो तो बोट निघण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयानेच. आपल्याकडे अपघात झाला की सगळी चर्चा लाइफ जॅकेटवर येऊन थांबते. जॅकेट हवंच, त्यावर वाद नाही. पण उलटलेल्या बोटीच्या आत, छताखाली अडकलेल्या माणसाला जॅकेट छतालाच चिकटवून ठेवतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

'पी-३०५' मध्येही प्रश्न वादळाच्या आधीचाच आहे. चक्रीवादळाचा इशारा आधी मिळालेला होता. इतकी माणसं असलेला, स्वतः हलू न शकणारा बार्ज समुद्रातच ठेवायचा हा निर्णय होता. तो वाऱ्याने घेतला नव्हता.

भिवंडीत बसून हे कशाला वाचायचं?

भिवंडीतून समुद्र दिसत नाही, पण खाडी दिसते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात याच खाडीच्या परिसरात झाली. पुढे रस्ते आले, माल ट्रकमध्ये गेला आणि आपण खाडीकडे पाठ फिरवली. आता पुन्हा खाडीकडे वळायचं ठरतंय. वसई-ठाणे-कल्याण हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जेट्ट्यांमध्ये कोलशेत आणि डोंबिवलीबरोबर आपल्या तालुक्यातल्या काल्हेरचंही नाव आहे. कशेळीच्या पुलावर रोज तास-दीड तास घालवणाऱ्या माणसाला याचा आनंद व्हायलाच हवा. मलाही आहे.

पण जेट्टीच्या बातम्यांत जे आकडे येतात ते किती कोटी, किती मिनिटं वाचणार, किती प्रवासी जाणार, असे असतात. कुठल्या वाऱ्यात बोट सुटणार नाही, हा आकडा मला कुठल्याच बातमीत दिसत नाही. खाडीत लाटा लहान असतात, पण वळवाच्या पावसाआधी येणारा सोसाटा खाडीलाही सोडत नाही. एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी पत्रे उडवणारा वारा आपल्याकडे नवा नाही. 'बायेसियन'ही खोल समुद्रात नव्हती, किनाऱ्याजवळच उभी होती.

शिवाय भिवंडी-कल्याणहून शनिवार-रविवारी गेटवेला जाऊन एलिफंटा किंवा मांडव्याची लाँच पकडणारी शेकडो कुटुंबं आहेत. लाँचमध्ये वरच्या डेकवर बसायला थोडे जास्त पैसे लागतात आणि हवा खायला सगळ्यांना वरच जायचं असतं. टपावर चढवलेल्या गाठींचं उदाहरण इथे पुन्हा आठवा. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. समुद्र शांत होता, अपघात धडकेचा होता, त्याची वादळाशी तुलना होत नाही. पण परवाना ८४ प्रवाशांचा आणि बोटीवर माणसं शंभराहून जास्त, ही गोष्ट त्या निमित्ताने समोर आली. धडक बसली नसती तर ती कुणी मोजलीही नसती.

मागायचं काय?

पहिली मागणी, स्थिरतेची खरी चाचणी. यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. शांत पाण्यात बोट उभी करायची, ठरावीक वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि लंबकाने बोट किती कलली ते मोजायचं. त्यावरून गुरुत्वमध्य किती उंच आहे ते काढता येतं. तत्त्व इतकं जुनं आहे की स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेवर १६२८ मध्ये तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून पाहिलं होतं. नौका इतकी डोलली की चाचणी अर्ध्यात थांबवली, आणि तरीही राजाला घाई होती म्हणून नौका समुद्रात सोडली. दीड किलोमीटरही न जाता ती वाऱ्याच्या झोतात कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि ती बुडाली. चाचणी करून निकाल दाबून ठेवायचा असेल तर चाचणी न केलेली बरी. म्हणून निकाल जाहीर हवा. वरती नवं छत टाकलं, बाकं वाढवली, इंजिन बदललं, की चाचणी पुन्हा हवी.

दुसरी मागणी, वाऱ्याची मर्यादा लिहिलेली हवी. बोटीवर प्रवासीसंख्या रंगवलेली असते, तसाच वाऱ्याचा आकडाही हवा. बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागला की कोळी बांधवांना त्याचा अर्थ समजतो. तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला समजत नाही. जेट्टीवर वारा मोजायचं यंत्र आणि त्याशेजारी मराठीत एक ओळ : वारा इतका झाला की बोट सुटणार नाही. एवढं पुरे.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची मागणी, बोट थांबवण्याचा अधिकार अशा माणसाकडे हवा, ज्याचा पगार तिकिटांवर अवलंबून नाही. तांडेलाला धोका कळतो. पण समोर दीडशे माणसं तिकीट काढून उभी असतील आणि मालक फोनवर असेल, तर 'आज नको' म्हणणं त्याला जड जातं. काल्हेरला जेट्टी होईल तेव्हा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा एक माणूस तिथे माणसं मोजायला आणि बोट अडवायला हवा. देशांतर्गत जलवाहतुकीचा नवा कायदा २०२१ मध्ये आला, त्यात बोटींच्या नोंदणी-तपासणीची चौकट आहे. ती जेट्टीवर दिसायला हवी.

यावर बोटवाले म्हणतील, असे नियम लावले तर पावसाळ्यात धंदाच होणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लाँचचा हंगाम आधीच आठ-नऊ महिन्यांचा, त्यात सुट्टीच्या दिवशीच कमाई. म्हणूनच बंद दिवसांचा भार एकट्या तांडेलावर टाकून चालणार नाही. सरकार रस्त्यावरची गर्दी कमी करायला जलमार्ग आणत असेल, तर वादळी दिवसाचं नुकसान हा प्रकल्पाचाच खर्च धरायला हवा. पुलाच्या अंदाजपत्रकात कठड्याचा खर्च धरतात, तसाच.

आणि खलाशांचं काय? त्यांच्या चुका असतील तर त्या तपासात दिसतीलच. पण धोका ज्यांना सांगितलाच नाही, त्यांना आधी आरोपी करून मोकळं होणं सोपं असतं. 'बायेसियन'चे खलाशी पहिल्या आठवड्यातच गुन्हेगार ठरले होते. नौकेची स्वतःची मर्यादा किती, हा प्रश्न अहवाल येईपर्यंत मागेच राहिला.

तुम्ही स्वतः काय पाहू शकता?

बोटीत चढण्यापूर्वी बाजूला रंगवलेला प्रवाशांचा आकडा वाचा आणि अंदाजाने माणसं मोजा. वरचा डेक खचाखच आणि खालचा रिकामा असेल तर खाली बसा, लहान मुलांना घेऊन असाल तर बाहेर पडायच्या दाराजवळ बसा. जॅकेट कुठे आहे ते निघण्यापूर्वी पाहा. बोट कलली तर जागेवर बसून राहा, सगळे धावतात त्या बाजूला धावू नका. आकाश काळं झालं असेल आणि तांडेल 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी पैशांवरून भांडू नका. त्याच्यामागे उभे राहा. 'रामदास' ज्या सकाळी निघाली, त्या सकाळी धक्क्यावर असं म्हणायचा अधिकार असलेला एक माणूस हवा होता.